धमनीच्या अस्तराची हाक

सशाला अंडी, दूध आणि मांस खायला घालायचं, हा प्रकार कुणालाही विचित्र वाटेल. पण १९०८ साली सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत अलेक्झांडर इग्नाटोव्स्की नेमकं हेच करत होते. त्यांच्या डोक्यात कोलेस्टेरॉल नव्हतं. पॅरिसच्या पाश्चर संस्थेतले इल्या मेचनिकॉव्ह त्या काळात म्हातारपणाची कारणं शोधत होते, आणि आहारातल्या प्रथिनांमुळे शरीर अकाली झिजतं असा त्यांचा कयास होता. तो पडताळून पाहायला इग्नाटोव्स्कींनी ससे घेतले. सशांची महाधमनी उभी कापून पाहिली, तेव्हा तिच्या आतल्या बाजूला पिवळट, किंचित उचललेले डाग दिसले. माणसांच्या शवविच्छेदनात डॉक्टरांना नेहमी दिसणारे डाग असेच असत.

त्याच वर्षी मेचनिकॉव्हना नोबेल पुरस्कार मिळाला, तो मात्र दुसऱ्याच कामासाठी. शरीरात घुसलेल्या परक्या गोष्टी गिळून टाकणाऱ्या पेशी त्यांनी दाखवून दिल्या होत्या. म्हातारपणाबद्दलचा त्यांचा कयास सशांवरच्या पुढच्या प्रयोगांत टिकला नाही. पण ज्या भक्षक पेशींमुळे त्यांना नोबेल मिळालं, त्याच पेशी त्या पिवळ्या डागांत ठासून भरलेल्या होत्या. एकीकडे आहारातली चरबी आणि दुसरीकडे प्रतिकारशक्तीच्या पेशी, हे दोन धागे एकत्र गुंफायला वैद्यकाला ऐंशीहून अधिक वर्षं लागली.

धमनीतल्या या डागांच्या आजाराचं वैद्यकीय नाव अथेरोस्क्लेरोसिस. आपल्या घराघरांत तो ‘ब्लॉकेज’ म्हणून ओळखला जातो. अँजिओग्राफीच्या पडद्यावर बोट ठेवून डॉक्टर सांगतात, इथे सत्तर टक्के, इथे नव्वद टक्के. आणि नातेवाइकांच्या मनात गाळ साचून चोंदलेल्या नळाचं चित्र उभं राहतं. हे चित्र समजायला सोपं आहे, पण ते बऱ्याच अंशी चुकीचं आहे. नळाची भिंत निर्जीव असते आणि गाळ तिच्यावर बसतो. धमनीची भिंत जिवंत असते आणि हा ‘गाळ’ तिच्यावर नव्हे, तिच्या आत तयार होतो. भिंतीच्या सर्वांत आतल्या बाजूला, थेट रक्ताला लागून, चपट्या पेशींचा एकच थर असतो. त्यांना आपण अस्तर पेशी म्हणू. रक्तातल्या कोणत्या पांढऱ्या पेशीला वाहू द्यायचं आणि कोणत्या पेशीला थांबवून आत घ्यायचं, याचा निर्णय या एका थरात होतो. तो थर काही ‘सांगतो’ हे कळायला एवढा उशीर का झाला, हा मला या इतिहासातला सर्वांत मोलाचा प्रश्न वाटतो.

हा आजार होतो कसा, या वादाची सुरुवात इग्नाटोव्स्कींच्याही आधीची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर व्हिएन्नाचे कार्ल फॉन रोकिटान्स्की यांचा शब्द विकृतिशास्त्रात शेवटचा मानला जाई. हजारो शवविच्छेदनांच्या अनुभवातून त्यांनी मत मांडलं, की रक्तातले घटक धमनीच्या आतल्या पृष्ठभागावर थरावर थर जमत जातात आणि त्यातून हा आजार होतो. बर्लिनच्या रुडॉल्फ फिरखो यांनी १८५०च्या दशकात त्यांना उघड आव्हान दिलं. सूक्ष्मदर्शकाखाली त्यांना डाग पृष्ठभागावर दिसला नाही, अस्तराखाली दिसला. आणि तिथल्या पेशी चेतलेल्या, वाढलेल्या दिसल्या. म्हणून त्यांनी आजाराला धमनीच्या आतल्या थराचा दाह म्हटलं. फिरखोंची नजर अचूक होती. मात्र पेशींना चेतवतं कोण, याचं उत्तर त्यांच्याकडे नव्हतं, आणि उत्तराविना त्यांचं मत हे मतच राहिलं.

उत्तराचा अर्धा भाग पुन्हा सेंट पीटर्सबर्गमध्येच सापडला. इग्नाटोव्स्कींनंतर तिथल्याच स्टुकी यांनी सशांच्या आहारातला एकेक पदार्थ वेगळा करून पाहिला. मांसरसाने काही झालं नाही, अंड्याच्या पिवळ्या बलकाने मात्र डाग उमटले. म्हणजे दोष प्रथिनांचा नव्हता. मग १९१२-१३मध्ये निकोलाय अनिच्कोव्ह या तरुण विकृतिशास्त्रज्ञाने सेम्यॉन खालातोव्ह या विद्यार्थ्याच्या साथीने सरळ शुद्ध कोलेस्टेरॉल घेतलं, ते सूर्यफुलाच्या तेलात विरघळवलं आणि सशांना पाजलं. डाग उमटले. नुसतं तेल पाजलेल्या सशांच्या धमन्या स्वच्छ राहिल्या.

अनिच्कोव्हना काय दिसलं ते जवळून पाहण्यासारखं आहे. चरबी रंगवणारं द्रव्य लावलेला महाधमनीचा पातळ काप सूक्ष्मदर्शकाखाली धरला, की अस्तराच्या लगेच खाली मोठाल्या, फुगलेल्या पेशींची रांग दिसे. प्रत्येक पेशीच्या पोटात असंख्य बारीक थेंब असत. ध्रुवीकृत प्रकाशात तेच थेंब अंधारात लकाकू लागत, त्यामुळे ते कोलेस्टेरॉलचे आहेत हे ओळखता येई. पुढे या पेशींना फेसाळ पेशी असं नाव रूढ झालं. अनिच्कोव्हनी आणखी एक गोष्ट नोंदवली: या पेशी मूळच्या धमनीच्या नाहीत, रक्तातल्या पांढऱ्या पेशी अस्तरातून आत शिरतात आणि कोलेस्टेरॉल गिळून अशा फुगतात. आजच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकात हेच वाक्य सापडेल.

पण जगाने त्यांच्या कामातून एकच शब्द उचलला, कोलेस्टेरॉल. तोही लगेच नाही. उंदीर आणि कुत्रे यांच्यावर हाच प्रयोग केला तर काही होत नसे, म्हणून अनेकांनी तो सशाचा आजार म्हणून बाजूला ठेवला. गवत खाणाऱ्या प्राण्याला बलक पाजल्यावर दुसरं काय होणार, असा त्यांचा आक्षेप. कुत्र्याचं शरीर कोलेस्टेरॉल सहज पित्तावाटे बाहेर टाकतं आणि त्याच्या रक्तात ते फारसं चढतच नाही, हे नंतर कळलं. तोवर दशकं निघून गेली.

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र पालटलं. १९५३ साली अमेरिकी लष्करातल्या डॉक्टरांनी कोरियाच्या युद्धात मारल्या गेलेल्या ३०० सैनिकांच्या हृदयांची तपासणी प्रसिद्ध केली. सैनिकांचं सरासरी वय २२ होतं. तरीही चारातल्या तिघांहून अधिक जणांच्या हृदयाच्या धमन्यांत आजाराच्या खुणा होत्या. म्हातारपणाचा म्हणून सोडून दिलेला आजार विशीतच सुरू झालेला होता. याच काळात अमेरिकेतल्या फ्रेमिंगहॅम गावातल्या पाहणीतून आणि रक्तातल्या चरबीचे प्रकार वेगळे करण्याच्या तंत्रातून कोलेस्टेरॉलविरुद्धचा पुरावा साचत गेला. पुढची कथा सर्वांना ठाऊक आहे. जपानच्या अकिरा एंडो यांनी बुरशीतून पहिलं स्टॅटिन, म्हणजे कोलेस्टेरॉल घटवणारं औषध, शोधलं आणि १९९४ साली स्कँडिनेव्हियातल्या ४,४४४ रुग्णांवरच्या चाचणीत सिमव्हास्टॅटिनने मृत्यू ३० टक्क्यांनी घटवले. कोलेस्टेरॉलचा पक्ष न्याय्यपणे जिंकला.

या जिंकण्याच्या धामधुमीत आत शिरणाऱ्या पांढऱ्या पेशी मागे पडल्या. १९५८ साली ऑक्सफर्डमध्ये हॉवर्ड फ्लोरी आणि जॉन पूल यांनी कोलेस्टेरॉल पाजलेल्या सशांच्या अस्तरावर पांढऱ्या पेशी चिकटलेल्या आणि त्यातून आत घुसताना पाहिल्या. फ्लोरी म्हणजे पेनिसिलिन माणसांपर्यंत पोचवणारे, नोबेल मिळालेले शास्त्रज्ञ. एवढ्या मोठ्या माणसाने सांगूनही ही नोंद क्षेत्राच्या केंद्रस्थानी आली नाही. दोष सांगणाऱ्याचा नव्हता. अस्तर म्हणजे रक्त न गोठता वाहावं म्हणून दिलेलं गुळगुळीत आवरण, त्याहून त्याला काही काम नाही, अशी सर्वांची पक्की समजूत होती. जे काही करतच नाही, ते कुणाला चिकटवून कसं घेईल?

ही समजूत ब्रुकलिनमधल्या एका प्रयोगशाळेत मोडली, तीही हृदयविकाराचा शोध चालू नसताना. रॉबर्ट फर्चगॉट सशाच्या महाधमनीच्या पट्ट्यांवर अनेक वर्षं काम करत होते. अॅसिटिलकोलीन दिलं की पट्टी आकसायची. पण प्रत्यक्ष प्राण्यात तेच द्रव्य रक्तवाहिनी सैल करतं, हे कोडं सुटत नव्हतं. १९७८च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं, की पट्टी कापताना तिची आतली बाजू घासली जाते आणि अस्तर खरवडलं जातं. अस्तर जपून ठेवलेल्या पट्ट्या अॅसिटिलकोलीनने सैल पडत होत्या. मग त्यांनी अस्तर खरवडलेली एक पट्टी आणि अस्तर शाबूत असलेली दुसरी पट्टी समोरासमोर चिकटवून ठेवली. अस्तर नसलेली पट्टीही सैल पडली. म्हणजे अस्तर पेशी काहीतरी सोडत होत्या आणि शेजारच्या स्नायूपेशी त्याचं ऐकत होत्या. १९८०च्या त्या निबंधातलं ‘काहीतरी’ म्हणजे नायट्रिक ऑक्साइड वायू हे काही वर्षांनी सिद्ध झालं, आणि १९९८ साली फर्चगॉट यांना आणखी दोघा संशोधकांसह नोबेल मिळालं. हाच वायू अस्तराला पांढऱ्या पेशींपासून अलिप्तही ठेवतो, हे १९९०च्या दशकात कळलं.

अस्तर पेशी काही बोलतात हे कळलं, तरी त्यांना एकट्या गाठून ऐकायचं कसं? त्याची सोय आधीच झालेली होती, बाळंतपणाच्या वॉर्डात. बाळाची नाळ एरवी टाकूनच दिली जाते. न्यूयॉर्कमध्ये एरिक जॅफी यांनी १९७३ साली आणि बोस्टनमध्ये मायकेल गिम्ब्रोन यांनी १९७४ साली नाळेतली शीर स्वच्छ धुऊन तिच्यात कोलॅजिनेज हे एन्झाइम भरलं, थोडा वेळ थांबून ते बाहेर काढलं आणि त्याच्यासोबत सुटून आलेल्या माणसाच्या अस्तर पेशी बशीत वाढवल्या. बशीच्या तळाशी त्या एकमेकींना खेटून एका थरात पसरत, अगदी रक्तवाहिनीत असतात तशाच. पुढच्या वीस वर्षांतला बराचसा शोध या बशांमध्ये लागला आहे. आजाराने मरणाऱ्यांचं कोडं नुकत्याच जन्मलेल्यांच्या नाळेने सोडवलं, ही गोष्ट मला फार भावते.

दरम्यान सिअॅटलमध्ये रसेल रॉस वेगळ्या वाटेने निघाले होते. रॉस मूळचे दंतवैद्य, जखमा भरतात कशा याचे अभ्यासक. म्हणून धमनीचा आजारही त्यांना जखमेसारखा दिसला. १९७०च्या दशकात त्यांनी मांडलं, की अस्तर कुठेतरी सोलवटतं, उघड्या जागी रक्तबिंबिका चिकटतात आणि त्यांनी सोडलेल्या वाढद्रव्याने स्नायूपेशी वाढत सुटतात. हा सिद्धांत गाजला. मग क्लीव्हलंडमध्ये रॉस गेरिटी यांनी डुकरांत आणि स्वतः रसेल रॉस यांच्या चमूने माकडांत, कोलेस्टेरॉल वाढवल्यावर अगदी सुरुवातीला काय होतं ते इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं. अस्तर सोलवटलेलं नव्हतं. ते अखंड होतं, आणि त्या अखंड अस्तरावर मोनोसाइट जातीच्या पांढऱ्या पेशी येऊन चिकटत होत्या, दोन अस्तर पेशींच्या सांध्यातून वाट काढत खाली उतरत होत्या. रॉस यांनी आपला सिद्धांत दुरुस्त केला. पहिली पायरी अस्तर फाटण्याची नाही, अस्तराची वागणूक बिघडण्याची आहे, असं ते सांगू लागले. जानेवारी १९९९मध्ये, मृत्यूच्या दोन महिने आधी, त्यांचा जो शेवटचा मोठा लेख आला, त्याच्या शीर्षकातच हा दाहाचा आजार आहे असं त्यांनी लिहिलं. स्वतःच्या गाजलेल्या सिद्धांताला पुराव्यापुढे असं वाकवणारे संशोधक थोडे. रॉस यांचा मान मी त्यासाठी अधिक करतो.

आता प्रश्न नेमका झाला. रक्तातल्या पेशी वेगाने वाहत असतात. मोनोसाइट त्या विशिष्ट जागीच का थांबतात?

बोस्टनच्या ब्रिगहॅम अँड विमेन्स रुग्णालयात गिम्ब्रोन, रॅम्झी कोट्रान आणि मायकेल बेव्हिलाक्वा यांनी १९८५ साली यावर एक नेटका प्रयोग प्रसिद्ध केला. दाह चालू असताना पांढऱ्या पेशी इंटरल्यूकिन-१ नावाचं प्रथिन सोडतात. या चमूने ते बशीतल्या अस्तर पेशींवर सुमारे चार तास ठेवलं, मग पूर्ण धुऊन टाकलं, आणि त्यानंतर ताज्या पांढऱ्या पेशी वर ओतल्या. त्या भराभर चिकटल्या. पांढऱ्या पेशींना इंटरल्यूकिनचा स्पर्शही झालेला नव्हता. बदलल्या होत्या त्या अस्तर पेशी. प्रथिनं बनवण्याची त्यांची यंत्रणा आधीच बंद पाडली, तर मात्र काही चिकटत नसे. म्हणजे निरोप मिळाल्यावर अस्तर पेशी नवं काहीतरी घडवून आपल्या पृष्ठभागावर मांडत होत्या. त्याच सुमारास पीटर लिबी यांच्या चमूने दाखवलं, की अस्तर पेशी आणि भिंतीतल्या स्नायूपेशी स्वतःसुद्धा इंटरल्यूकिन-१ बनवू शकतात. प्रतिकारशक्तीची भाषा फक्त पांढऱ्या पेशींची नव्हती, ती धमनीलाही येत होती.

मग १९९१चं साल. गिम्ब्रोन यांच्याच प्रयोगशाळेत मायरन सायबुल्स्की पुन्हा सशांकडे वळले. अस्तरावर उगवणारी नवी प्रथिनं ओळखणारी प्रतिपिंडं त्यांनी तयार केली होती. कोलेस्टेरॉलयुक्त आहार दिलेल्या सशांच्या महाधमनीवर ती सोडली, तेव्हा जिथे फेसाळ पेशींचे डाग होते नेमक्या तिथल्याच अस्तरावर ती जाऊन बसली. शेजारचं निरोगी अस्तर कोरं राहिलं. हे प्रथिन म्हणजे व्हीकॅम-१. पुढच्या दोन वर्षांत त्याच चमूने दाखवलं, की कोलेस्टेरॉलयुक्त आहार सुरू केल्यावर आठवड्याभरातच व्हीकॅम-१ अस्तरावर येतं, डागात भक्षक पेशी जमण्याच्या आधीच. हाक आधी जाते, पाहुणे मागाहून येतात. व्हीकॅम-१ला धरणारा जोडीदार मोनोसाइट आणि टी पेशी या पांढऱ्या पेशींच्या अंगावर असतो; जंतुसंसर्गात सर्वांत आधी धावणाऱ्या न्यूट्रोफिल पेशींवर तो जवळपास नसतो. फोडात पू होतो, पण धमनीच्या डागात प्रामुख्याने भक्षक पेशी आणि टी पेशीच का सापडतात, या जुन्या कोड्याचं उत्तरही त्यात होतं. पुढे सायबुल्स्कींनी ज्या उंदरांत व्हीकॅम-१ सदोष होतं, त्यांत डाग लहान राहतात हेही दाखवलं.

चिकटलेल्या पेशीला आत बोलवायला आणखी एक निरोप लागतो. लॉस एंजेलिसमध्ये ज्युडिथ बर्लिनर आणि अॅलन फोगलमन यांच्या चमूला १९९०मध्ये आढळलं, की किंचित बिघडलेलं, ऑक्सिडीकरण झालेलं एलडीएल (‘वाईट’ म्हणून ओळखलं जाणारं) कोलेस्टेरॉल मिळताच अस्तर पेशी एमसीपी-१ हे प्रथिन सोडतात. मोनोसाइट त्याच्या दिशेने सरकत जातात. १९९८ साली दोन प्रयोगशाळांनी उंदरांतून हा निरोप, किंवा तो ऐकणारा मोनोसाइटचा कान, काढून टाकला. रक्तात कोलेस्टेरॉल भरपूर असूनही धमन्यांतले डाग कमी झाले. अनिच्कोव्हच्या कापातली ती फुगलेल्या पेशींची रांग तिथे कशी पोचली, हे आता पायरी पायरीने सांगता येत होतं.

आत पोचलेला मोनोसाइट भक्षक पेशी बनतो आणि बिघडलेलं एलडीएल गिळत सुटतो. टेक्ससच्या मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांनी १९७९ साली याचं कारण शोधलं होतं. साध्या पेशीचं पोट भरलं की ती कोलेस्टेरॉल घेणं थांबवते. भक्षक पेशीचं बिघडलेलं एलडीएल घेणारं दार मात्र उघडंच राहतं. ती खाऊन फुगते आणि इंटरल्यूकिन-१ सोडते. तो निरोप वरच्या अस्तराला मिळतो, अस्तर आणखी व्हीकॅम-१ मांडतं, आणखी मोनोसाइट उतरतात. असं हे चक्र वर्षानुवर्षं, कोणत्याही वेदनेशिवाय फिरत राहतं.

सर्व धमनीभर डाग का पडत नाहीत, याचाही खुलासा झाला. लंडनचे कॉलिन कॅरो यांनी १९६९ सालीच दाखवलं होतं, की धमनीला जिथे फाटे फुटतात किंवा वळण येतं आणि प्रवाह मंद, घोटाळलेला होतो, तिथेच डाग पडतात. सरळ, वेगवान प्रवाहाचं घर्षण अस्तर पेशींना जाणवतं आणि त्या शांत राहतात. घोटाळलेल्या प्रवाहात तो दिलासा मिळत नाही आणि त्या चटकन चेततात.

टी पेशींची गोष्ट स्वीडनमधली. गोटेबर्गमध्ये लेना योनासन आणि गोरान हॅन्सन १९८०च्या दशकाच्या मध्यात मानेच्या धमन्यांतून शस्त्रक्रियेने काढलेले माणसाचे डाग तपासत होते. त्यांत त्यांना टी पेशींचे पुंजके दिसलेच, पण त्याहून अनपेक्षित गोष्ट अशी, की भिंतीतल्या स्नायूपेशींवर एचएलए-डीआर हे चिन्ह उमटलेलं होतं. टी पेशी गॅमा इंटरफेरॉन सोडतात तेव्हा स्नायूपेशींवर हे चिन्ह येतं. म्हणजे टी पेशी तिथे वाट चुकून आलेल्या नव्हत्या, त्या धमनीशी बोलत होत्या आणि धमनी उत्तर देत होती. या बोलण्याची किंमत जबर आहे. गॅमा इंटरफेरॉनमुळे स्नायूपेशी कोलॅजेन बनवणं कमी करतात, आणि चेतलेल्या भक्षक पेशी असलेलं कोलॅजेन एन्झाइमांनी तोडत जातात. डागावरचं टोपण पातळ होत जातं. लंडनमध्ये मायकेल डेव्हिस यांनी अचानक मृत्यू आलेल्यांची हृदयं तपासून दाखवलं होतं, की अशा मृत्यूंमागे बहुतेक वेळा डाग फाटून त्यावर धरलेली रक्ताची गाठ असते. म्हणूनच चाळीस टक्के ब्लॉकेज असलेला माणूस झटक्याने जातो आणि ऐंशी टक्केवाला वर्षानुवर्षं हिंडत राहतो, असं घडू शकतं. किती अडलं आहे याइतकंच आत किती चेतलं आहे हे महत्त्वाचं.

कोलेस्टेरॉलवाले आणि दाहवाले हे दोन पक्ष एकाच आजाराचं वर्णन करत होते, याचा सर्वांत सुरेख पुरावा २०१० साली आला. बॉनच्या आइके लाट्झ यांच्यासह अनेक संशोधकांनी दाखवलं, की भक्षक पेशीत साचलेल्या कोलेस्टेरॉलचे सूक्ष्म स्फटिक तिच्यातली धोक्याची यंत्रणाच चालू करतात, आणि इंटरल्यूकिन-१ बीटा बाहेर पडतं. अनिच्कोव्हचं कोलेस्टेरॉल हेच फिरखोंच्या दाहाचं चेतवणारं कारण होतं.

पण उंदीर आणि बशा म्हणजे माणूस नव्हे. त्याची परीक्षा बोस्टनचे पॉल रिडकर यांनी घेतली. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या आणि रक्तात दाहाची खूण असलेल्या १०,०६१ रुग्णांवर त्यांनी इंटरल्यूकिन-१ बीटाला अडवणारं कॅनाकिनुमॅब हे इंजेक्शन आजमावलं. ऑगस्ट २०१७मध्ये बार्सिलोनाच्या हृदयरोग परिषदेत निकाल जाहीर झाला. दर तीन महिन्यांनी १५० मिलिग्रॅम घेणाऱ्यांत झटका, पक्षाघात आणि हृदयविकाराने मृत्यू यांचं एकत्रित प्रमाण १५ टक्क्यांनी घटलं होतं, आणि एलडीएल जिथल्या तिथे होतं. कोलेस्टेरॉलला हात न लावता, केवळ पेशींमधला एक निरोप अडवून माणसाचा हा आजार आटोक्यात येऊ शकतो, हे पहिल्यांदाच सिद्ध झालं. किंमतही दिसली: या गटात संसर्गाने होणारे मृत्यू वाढले. औषध अतिशय महाग होतं, आणि अमेरिकेच्या नियामकांनी हृदयविकारासाठी त्याला मंजुरी दिली नाही. पुढच्याच वर्षी मेथोट्रेक्सेट या स्वस्त औषधाची मोठी चाचणी अपयशी ठरली. त्याने इंटरल्यूकिन-१ घटलंच नव्हतं. दाह कोणत्याही प्रकारे दाबून चालत नाही, नेमका निरोप अडवावा लागतो, हा धडा त्या अपयशाने दिला.

मग नजर वळली एका प्राचीन औषधाकडे, गाउटवर दिल्या जाणाऱ्या कोल्चिसिनकडे. झटका येऊन गेलेल्या ४,७४५ जणांवरच्या मॉन्ट्रियलच्या चाचणीत २०१९ साली, आणि जुन्या हृदयरुग्णांवरच्या ऑस्ट्रेलिया-नेदरलँड्सच्या चाचणीत २०२० साली, रोज अर्धा मिलिग्रॅम कोल्चिसिनने हृदयाचे गंभीर प्रसंग अनुक्रमे २३ आणि ३१ टक्क्यांनी कमी केले. जून २०२३मध्ये अमेरिकेने त्याला या कामासाठी मान्यता दिली. २०२४ साली मात्र सात हजारांवर रुग्णांच्या चाचणीत झटक्यानंतर लगेच सुरू केलेल्या कोल्चिसिनचा फायदा दिसला नाही. वाद अजून मिटलेला नाही, आणि तसं स्पष्ट सांगणंच रुग्णांच्या हिताचं आहे.

हे कोल्चिसिन आपल्याला अनोळखी नाही. पावसाळ्यात सह्याद्रीच्या झुडपांतून लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी फुलं घेऊन वर चढणारी कळलावी, तिच्या कंदात आणि बियांत हेच द्रव्य असतं. कळलावी खाऊन माणसं दगावलेली आहेत. औषधाची मात्रा आणि विषाची मात्रा यांत अंतर फार थोडं आहे. तेव्हा हे वाचून कुणी कळलावीचा कंद, किंवा ‘दाह कमी करणारं’ म्हणून विकलं जाणारं कुठलंही चूर्ण, हृदयासाठी घेऊ नये. आणि दाहाचं महत्त्व कळलं म्हणून कोलेस्टेरॉलची गोळी आपल्या मनाने बंद करू नये. त्या अस्तराला सर्वांत आधी चेतवतं ते एलडीएलच, आणि सिगारेटचा धूर, वाढलेला रक्तदाब व मधुमेह त्यात भर घालतात. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने या गोष्टी तपासून घ्याव्यात, कारण आतला संवाद विशीतच सुरू झालेला असतो.